सासूबाईंनी निवडलेलं किट

सिगारेट मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी सुरू केली, आणि तीही ऑफिसच्या जिन्यात. इतक्या उशिरा सहसा कोणी सुरू करत नाही. माझ्याबरोबरच्या बहुतेकांची कॉलेजात सुरू होऊन लग्नानंतर सुटलीसुद्धा होती.

मंदी आली ते वर्ष. मी दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये होते. आदल्या महिन्यापर्यंत माल वेळेवर आला नाही म्हणून साइटवरून माझ्या नावानं ओरडा व्हायचा. मग आठवडाभरात सगळं फिरलं. मी दिवसभर फोन करकरून मीच दिलेल्या ऑर्डरी कॅन्सल करत बसायचे. "हबीबी, व्हॉट हॅपन?" असं पलीकडचा सप्लायर विचारायचा. आमच्या मजल्यावरच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. आता कोणाचा नंबर हे एचआरच्या आधी फायर एक्झिटच्या जिन्यात कळायचं, कारण सगळे ओढणारे तिथे उभे असत. मी आधी नुसती बातमी ऐकायला जायचे. पण तिथे रिकाम्या हातानं उभं राहणं फार अवघडल्यासारखं वाटायचं. एक दिवस कोणीतरी पाकीट पुढे केलं आणि मी एक घेतली. त्या खेपेला माझी नोकरी वाचली. जिन्यात जाणं मात्र थांबलं नाही.

दहा-अकरा वर्षांनंतर मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात पर्चेस बघत होते आणि आम्ही राहायला डिस्कव्हरी गार्डन्सला होतो. म्हणजे रोज अख्खी दुबई आणि अख्खी शारजा ओलांडायची. जाताना सव्वा तास, येताना ट्रॅफिकच्या मर्जीनं दोन. एवढा वेळ गाडीत एकटी असल्यावर काय होणार ते झालं. नवऱ्याला वाटायचं, ही कधीतरी एखादी ओढते. मुलीला काहीच माहीत नव्हतं. एकदा तिच्या शाळेची बस चुकली म्हणून मी तिला सोडायला निघाले, तर ती दार लावता लावता म्हणाली, "मम्मा, द कार स्मेल्स."

"एसीचा फिल्टर बदलायला झालाय," मी म्हणाले.

"नो, इट्स लाइक ॲशट्रे."

ती अकरा वर्षांची होती. मी रेडिओचा आवाज वाढवला. त्या सकाळी माझ्या खोटं बोलण्याची मला जेवढी लाज वाटली तेवढी सिगारेटची कधी वाटली नव्हती.

त्याच वर्षी इथे ई-सिगारेट विकायला सरकारी परवानगी मिळाली होती. आधी ती बाहेरून कोणी लपवून आणली तरच दिसायची. आता दुकानं निघाली, पाट्या लागल्या. मी ठरवलं की एकदम सोडणं काही जमत नाही, दोनदा करून झालंय, तर निदान हे करून बघू. आणि मग पर्चेसवाली बाई जे करेल तेच मी केलं. एक्सेल शीट उघडली. सात किट, प्रत्येकाची किंमत, बॅटरी, वॉटेज, किती एमएलचं लिक्विड बसतं, लोक काय म्हणतात. व्हिडिओ पाहिले. त्यातली तरुण पोरं एवढा मोठा ढग सोडून सांगायची की नवीन माणसानं हेच घ्यावं, आणि दुसऱ्या व्हिडिओत दुसरा कोणी बरोबर उलटं सांगायचा. शीटला कॉलम वाढत गेले. दोन महिने झाले तरी मी काही विकत घेतलं नव्हतं आणि सिगारेट चालूच होती.

अशात सासूबाई आल्या. तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर, पहिल्यांदाच.

त्यांच्याबद्दल थोडं सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांची पिठाची गिरणी. सासरे गेले तेव्हा माझा नवरा सहावीत होता. लोक म्हणाले गिरणी भाड्यानं द्या. त्यांनी दिली नाही. पट्टा चढवणं, मोटार उघडणं, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी घालणं, सगळं स्वतः शिकल्या. बोलणं कमी. मला त्यांची भीती वाटायची असं नाही, पण आमचं सगळं बोलणं स्वयंपाक आणि तब्येत यांच्यापलीकडे कधी गेलं नव्हतं.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. त्या चिडचिड करत. जेवत नसत. दुपारभर डोक्याला रुमाल बांधून पडून राहत. मुलीनं टीव्ही लावला की उठून आत जात. मी नवऱ्याला म्हटलं, "आईंना आपलं घर आवडलेलं दिसत नाही." तो म्हणाला, "हवा बदललीय, होईल नीट." मला मनातून खात्री होती की त्या माझ्यावरच नाराज आहेत.

मी तेव्हा ऑफिसातून आले की गाडी लावून बिल्डिंगच्या मागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपाशी एक ओढायचे, वेलदोडा चघळायचे आणि मग वर जायचे. सुट्टीच्या दिवशी काहीतरी निमित्त काढून खाली यायचे. कधी दूध, कधी कोथिंबीर. अशाच एका संध्याकाळी मगरिबची अजान नुकतीच संपली होती. मी सिगारेट पेटवली आणि मागे चपलांचा आवाज आला. वळून बघते तर सासूबाई. पदर डोक्यावर, हातात घराची किल्ली.

मी सिगारेट पाठीमागे लपवली. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी.

"टाकू नको," त्या म्हणाल्या. "ओढ तू."

त्या जवळ आल्या, डब्यांच्या कठड्याला टेकल्या आणि डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

"मी तुझ्यावर पाळत ठेवायला आले नाही गं. परवा तू लिफ्टमधून आलीस तेव्हा तंबाखूचा वास आला. त्या वासाच्या मागं आलेय मी. डोकं फुटायची वेळ आलीय माझी."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. सासूबाई मशेरी लावत. सकाळ-दुपार-संध्याकाळ, आणि मधे मधे. गिरणीच्या पायरीवर बसून, बोटावर घेऊन, दातांवरून फिरवत. इतकी वर्षं मी ते बघत होते, पण त्याला व्यसन म्हणावं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आपलं दात घासणं. निघायच्या आधी नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, "आई, मशेरी आणू नकोस, विमानतळावर विचारतील, भानगड होईल." त्यांनी डबी घरी ठेवली आणि कोणाला काही न बोलता विमानात बसल्या.

"दहा दिवस?" मी म्हटलं. "आई, सांगायचं नाही का?"

"काय सांगू? लेकाला सांगू की तुझी आई तंबाखूपायी वेडी झालीय? तू सांगितलंस का?"

आम्ही दोघी हसायला लागलो. मग मला रडू आलं. त्यांनी पदराच्या टोकानं माझे डोळे पुसले. एकाही शब्दानं रागावल्या नाहीत. सून सिगारेट ओढते हे ऐकून दुसरी कोणी सासू काय म्हणाली असती याची मी वर्षानुवर्षं तयारी करून ठेवली होती. ती सगळी फुकट गेली.

मी त्यांना माझ्या शीटबद्दल सांगितलं. ई-सिगारेट म्हणजे काय, ते समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यंत्र आहे ना? मग कागदावर काय बघतेस? हातात घेऊन बघायचं. शुक्रवारी जाऊ."

शुक्रवारी नवरा मुलीला स्विमिंगला घेऊन गेला आणि आम्ही दोघी निघालो. दुकान आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, एका पेट्रोल पंपाच्या मागच्या रांगेत. आत निळे दिवे, काचेची कपाटं आणि कसला तरी गोड, बेकरीसारखा वास. काउंटरला एक फिलिपिनो मुलगी होती. दारावर पाटी होती की अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. मुलीनं नियमाप्रमाणे माझा एमिरेट्स आयडी पाहिला. त्याबरोबर सासूबाईंनीही पर्समधून पासपोर्टची झेरॉक्स काढून तिच्यापुढे धरली, कारण लेकानं बजावलं होतं की कोणी विचारलं की दाखव. मुलीनं ती दोन्ही हातांत घेऊन गंभीरपणे वाचली, "ओके मम्मी, वेलकम," म्हणाली आणि त्यांच्यासाठी आतून स्टूल आणलं.

मी सरळ माझ्या शीटमधल्या तीन नंबरकडे गेले. जाड, चौकोनी, पुढे स्क्रीन, कडेला रंगीत दिवा. हातात घेतल्यावर वजनदार, भारी वाटायचं.

"फर्स्ट टाइम, मॅम?" मुलीनं विचारलं. मी हो म्हटलं. "धिस वन नो. टू मच स्मोक, टू मच सेटिंग. यू विल कफ, यू विल गेट अँग्री, यू विल गो बॅक टू सिगारेट." तिनं ते माझ्या हातातून घेऊन चक्क परत कपाटात ठेवलं. दुकानातलं ते जवळजवळ सगळ्यात महाग मॉडेल होतं. ते तिनं मला विकलं नाही, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे. तिनं स्वतः याच वाटेनं सिगारेट सोडली होती, असं नंतर म्हणाली.

तिनं दोन लहान किट काउंटरवर ठेवली. एक पेनासारखं बारीक, दिसायला सुरेख. त्यात कंपनीचं तयार भरलेलं पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी कुपी, बसवायचं, संपलं की फेकायचं आणि नवीन घ्यायचं. दुसरं बुटकं, काळं, साबणाच्या छोट्या वडीएवढं. त्याचं पॉड आपण बाटलीतून भरायचं आणि आतली कॉइल खराब झाली तर तेवढीच बदलायची. मी पेनावर हात ठेवला होता.

सासूबाई उठल्या. "हिला म्हणावं, हे काळं उघडून दाखव."

"मम्मी आस्किंग टू ओपन," मी सांगितलं. मुलीनं काळं किट उघडलं. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, पॉड उजेडात धरलं, कॉइल काढून तळहातावर घेतली.

"ही तार तापते?"

"हो. भोवती कापूस आहे, तो लिक्विड पितो, तार तापली की वाफ होते."

"म्हणजे शेगडीच की. पार्ट मिळतात का ह्याचे?"

मुलगी म्हणाली, सगळीकडे मिळतात, पाच कॉइलचं पाकीट येतं. मग सासूबाईंनी पेनाकडे बोट केलं. त्याचे? त्याचे नाही, त्याला त्याच कंपनीचं पॉड लागतं, स्टॉक नसला तर थांबावं लागतं.

"मग ते नको," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी मिळणार नाही त्या दिवशी ही परत डब्यांपाशी जाईल."

दहाहून जास्त वर्षं मी खरेदीच्या खात्यात काढली होती. स्पेअर पार्टची उपलब्धता हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता.

मग लिक्विड. मुलीनं विचारलं, दिवसाला किती? मी म्हटलं, "फाइव्ह, सिक्स." तिनं कमी ताकदीची बाटली उचलली. आकडे इंग्रजीतले असले तरी सासूबाईंना कळले.

"बारा," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशीच्या. खाली जातेस त्या मोजल्यात. बाकीच्या दिवसांचं मला माहीत नाही."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून खरा आकडा सांगितला. तो आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासमोर उच्चारत होते. मग तिनं विचारलं की सकाळी उठल्यावर पहिली कधी, आणि मी ते मराठीत सांगून उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चहाच्या आधी. सांग तिला." मुलीनं बाटली परत ठेवली आणि जास्त ताकदीची काढली. कमी घेतलं तर भागणार नाही, मॅम, खिशात सिगारेट आणि हे, दोन्ही राहतील, असं तिचं म्हणणं होतं. पुढचा सगळा अनुभव बघता ती अगदी बरोबर होती.

चवींची तर भिंतच होती. मला आंबा हवा होता. झाकण उघडल्यावर खरोखर हापूसची पेटी उघडल्यासारखा वास आला.

"आंबा नको," सासूबाई म्हणाल्या. "गोड लागलं की सुटायचं नाही. आणि घरात पोर आहे, तिला हा वास आवडेल."

साधी, तंबाखूच्या चवीची बाटली घेतली. सगळं मिळून दीडशे दिरहम झाले. "म्हणजे तीन हजाराच्या आसपास," त्या पुटपुटल्या, पण तक्रारीच्या सुरात नाही. माल पटला होता.

घरी येऊन मी पॉड भरलं आणि लगेच तोंडाला लावणार, तर त्यांनी हात धरला. दुकानातल्या मुलीनं सांगितलं होतं की कापूस भिजायला दहा मिनिटं द्या, नाहीतर जळकी चव येईल. मी ते कधीच विसरले होते. "गिरणीच्या दगडाला टाकी घातली की पहिलं दळण आपण गिऱ्हाइकाला देतो का? थांब." आम्ही दोघी बाल्कनीत त्या काळ्या वडीकडे बघत दहा मिनिटं बसलो. पहिल्या झुरक्याला मला ठसका लागला. दुसऱ्याला कमी. तिसऱ्यानंतर डोक्यातली ती वळवळ थांबल्यासारखी झाली.

"आता नवऱ्याला सांग," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर चहाडी होईल."

मी सांगितलं. खरा आकडा सांगितला. तो एवढंच म्हणाला, "मला वाटायचं एखादी." मी भांडणाची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी तो माझी गाडी घेऊन गेला आणि आतून सगळी धुऊन आणली, सीट, गालिचे, छतसुद्धा. किल्ली टेबलावर ठेवली. मी त्याला साधं थँक्यूही म्हटलं नाही. इथे लिहून ठेवते.

सासूबाई परत जाताना म्हणाल्या, "तीन महिन्यांत माझ्याही अंगातनं निघालीच आहे, तर मीही डबीला हात लावणार नाही." दर रविवारी फोनवर आम्ही एकमेकींचा हिशेब घ्यायचो. तू ओढलीस? नाही. तुम्ही लावली? नाही. सहाव्या की सातव्या रविवारी त्या म्हणाल्या, "खोटं बोलणार नाही. काल लावली." त्यांच्या आवाजात एवढं अपराधीपण मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे आई, उद्यापासून पुन्हा.

माझंही काही सरळ गेलं नाही. सिगारेट सुटली, ती पहिल्या महिन्यातच, आणि परत आली नाही. पण मग लॉकडाऊन लागला. ऑफिस घरात आलं. सिगारेटसाठी निदान खाली जावं लागायचं. हे यंत्र लॅपटॉपशेजारीच पडलेलं असायचं. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी दिवसभर ओढत राहायचे. आधीपेक्षा जास्तच. एकदा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं, "तुझ्यामागं धूर कसला?" मी सांगितलं. "उभं राहून ओढ," त्या म्हणाल्या. "बाल्कनीत जाऊन, उभं राहून. बसून चालू केलं की किती झालं ते कळत नाही. मी आयुष्यभर बसून लावली."

एवढ्या साध्या नियमानं माझं निम्मं कमी झालं. बाहेर उन्हाळा असा होता की बाल्कनीत पाच मिनिटं उभं राहवत नसे.

मुलीनंही तिथेच पकडलं. काचेच्या दारातून बघून ती म्हणाली, "मम्मा, आर यू व्हेपिंग? वी हॅड अ होल असेंब्ली ऑन धिस." ह्या वेळी मी रेडिओ लावला नाही. तिला बाहेर बोलावलं, सिगारेटपासून सगळं सांगितलं. हे चांगलं नाही, त्याहून वाईट होतं त्यातून मी बाहेर येते आहे, असं म्हटलं. तिनं फक्त विचारलं, "सो व्हेन डू यू स्टॉप?" मी इन्शाल्ला म्हणणार होते, पण तिच्या तोंडाकडे बघून म्हटलं नाही. तिच्यासमोर कॅलेंडर काढलं आणि दर तीन महिन्यांनी लिक्विडची ताकद कमी करायचं ठरवलं. ती लिहून ठेवायची आणि आठवण करून द्यायची, तेही निर्दयपणे. शेवटच्या बाटलीत निकोटिन नव्हतंच, नुसती चव. ती अर्धी राहिली. एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर मी ते यंत्र चार्जच केलेलं नाही.

विमानं नीट सुरू झाली तशा सासूबाई पुन्हा आल्या. आता त्या सकाळी एकदाच मशेरी लावत, आणि इथे आल्यावर तेवढीही नाही. पूर्ण सुटली नाही, आणि मी तो विषय कधी काढत नाही. एका संध्याकाळी आम्ही बिल्डिंगच्या बाहेर झाडांखालून चालत होतो. मी म्हटलं, "आई, तुमचे आभार मानायचे राहिलेत. त्या दिवशी तुम्ही रागावला असता तर मी कधीच सोडली नसती."



"माझा दात दुखत होता," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रात्रंदिवस रडायचे. सासूनं बोटावर मशेरी घेऊन लावली, ती पहिली. मायेनंच लावली गं. थांबलं दुखायचं." मग रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे बघून त्यांनी माझा दंड धरला. "चल, गाडी येतेय. उद्याला मेथी घ्यायची आहे."